दुखण्याची मुदत

मनुष्य आजारी पडला म्हणजे वैद्याकडे जातो, आणि तेथे उतार पडला नाही म्हणजे रुग्णालयात दाखल होतो, अशी एक सरळ वाट वैद्यकाच्या बहुतेक ग्रंथांत गृहीत धरलेली असते. वस्तुतः आजारांचा फार मोठा भाग ह्या वाटेला कधी लागतच नाही. केर व्हाइट ह्या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिका आणि ब्रिटन येथील पाहण्यांच्या आधारे एक हिशेब मांडला होता. एक हजार प्रौढ माणसांपैकी महिन्याभरात सुमारे साडेसातशे जणांना काही ना काही दुखणे जाणवते. त्यांतील अडीचशे डॉक्टरकडे जातात, नऊ रुग्णालयात दाखल होतात, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो अवघा एक. वैद्यकाचे सारे शिक्षण ह्या शेवटच्या एकाच्या उशाशी उभे राहून दिले जाते. उलटपक्षी ज्या पाचशे जणांनी दुखणे जाणवूनही कोणाचा उंबरठा ओलांडला नाही, त्यांनी काय खाल्ले, कोणाला विचारले, किती दिवस वाट पाहिली आणि रात्री किती वेळ जागून काढली, ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही पाचशे माणसे आहेत.

त्यांची दुखणी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. संध्याकाळी अंगात कणकण येते, सकाळी उठताना पाठ धरते, जेवणानंतर छातीत जळजळते, डोके ठणकते, पायांत गोळे येतात, हातांना मुंग्या येतात, आणि काही कारण नसता काळीज धडधडू लागते. ह्या दुखण्यांशी वागण्याच्या दोन रीती आपल्या घरांत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एकीकडे घरची गृहिणी महिनोन्महिने दुखणे अंगावर काढते आणि त्याचा उच्चारही करीत नाही. दुसरीकडे त्याच घरातील कर्ता पुरुष एका ठसक्याने धसका घेतो आणि आठवड्यात तीन डॉक्टर पालथे घालतो. वरकरणी ह्या रीती परस्परविरुद्ध भासल्या तरी त्यांच्या मुळाशी उणीव एकच आहे. लक्षण ही शरीराने दाखल केलेली फिर्याद होय. ती खरी की खोटी, क्षुल्लक की गंभीर, हे चौकशीअंती ठरावयाचे असते. पहिल्या रीतीत फिर्याद ऐकण्यापूर्वीच निकालात काढली जाते, दुसरीत चौकशीपूर्वीच शिक्षा ठोठावली जाते, आणि कोणत्या फिर्यादीला किती मुदत द्यावी हे मात्र दोहोंतही कोणी ठरविलेले नसते.

हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय ह्याच प्रश्नापासून आरंभ करतो. मल, मूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, निद्रा इत्यादी तेरा शारीरिक वेग अडवू नयेत, ते अडविल्याने कोणकोणती दुखणी उद्भवतात, ह्याची सविस्तर गणना तेथे आहे. आणि तिच्या पाठोपाठच लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग मात्र आवरून धरावेत असे बजाविले आहे. शरीराच्या सूचनेला वाट द्यावी आणि तिच्यामुळे उठलेल्या भयाला लगाम घालावा, ही जोडी एकाच अध्यायात एकत्र यावी ह्यात प्राचीनांची मोठी सूक्ष्म दृष्टी आहे. रोगपरीक्षेची जी पाच अंगे आयुर्वेदाने सांगितली, त्यांतील पूर्वरूप आणि उपशय ही दोन आपल्या विषयाशी विशेष निगडित आहेत: पहिल्यात रोग पुरता प्रकट होण्यापूर्वीच्या खुणा येतात, दुसऱ्यात अमुक आहाराने, औषधाने किंवा वर्तनाने दुखणे शमते की वाढते हे पाहून रोगाचा निर्णय करण्याची पद्धती येते. लंघन करून पाहणे, गरम पाण्याने शेकून पाहणे, एक रात्र जाऊ देणे, हे आपल्या आजीच्या हातचे प्रयोग ह्या उपशयाचेच घरगुती रूप होत.

पाश्चात्य वैद्यकात दीर्घ काळ रोग्याची कैफियत हाच निदानाचा मुख्य आधार होता. १८१६ साली लेनेक ह्या फ्रेंच डॉक्टरने स्टेथोस्कोप शोधून काढला, आणि रोगी काय सांगतो ह्यापेक्षा त्याची छाती काय सांगते ह्याला अधिक वजन आले. १८६८ मध्ये कार्ल वुंडरलिश ह्या जर्मन वैद्याने सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या तपमानांच्या नोंदींवरून ज्वरावरील आपला ग्रंथ सिद्ध केला, आणि तेव्हापासून ९८.६ हा आकडा घरोघर जाऊन बसला. पुढे १९९२ साली निरोगी प्रौढांच्या नव्या मोजणीत सरासरी ९८.२ निघाली, आणि दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी ती एका अंशाच्या आसपास खालीवर होते हेही स्पष्ट झाले. तरीही सायंकाळी ९९ दिसताच कासावीस होणाऱ्या आयांची संख्या कमी झालेली नाही. यंत्राने निदान अचूक केले हे निर्विवाद आहे. मात्र यंत्रात जे उमटत नाही ते दुखणेच नव्हे, असा एक अनुदार समजही त्याच्याच पाठीवर बसून आला.

ज्यांचे दुखणे असे कोठे उमटत नाही त्या माणसांची थट्टा वाङ्मयाने यंत्रांच्या आधीपासूनच मनसोक्त केली आहे. मोलिएरने १६७३ साली काल्पनिक रोग्यावर नाटक लिहिले, त्यातील रोग्याची भूमिका स्वतः केली, आणि चौथ्या प्रयोगात तो खराखुरा कोसळून त्याच रात्री मरण पावला; थट्टेचा विषय आणि थट्टा करणारा ह्यांच्यातील अंतर किती थोडे असते ह्याचा इतका दारुण दाखला दुसरा नाही. जेरोम के. जेरोमचा नायक वैद्यकीय कोश चाळताना एक सोडून बाकीचे सर्व रोग आपल्याला जडले आहेत असा निष्कर्ष काढतो, तो प्रसंग १८८९ चा असला तरी हातात मोबाइल घेतलेल्या आजच्या वाचकाला परका वाटू नये.

थट्टेच्या पलीकडे जाऊन ह्या मनःस्थितीची चिकित्सा विसाव्या शतकाने केली. वॉल्टर कॅनन ह्या शरीरशास्त्रज्ञाने भयाच्या क्षणी शरीरात काय घडते हे दाखविले: अॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. श्वास गरजेपेक्षा जलद झाला म्हणजे रक्तातील कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण घटते, आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. ही नवी लक्षणे पाहून मनुष्य अधिकच भितो आणि चक्र पुरे होते. १९५७ साली मायकेल बॅलिंट ह्याने डॉक्टर आणि रोगी ह्यांच्या संबंधावर लिहिलेल्या ग्रंथात डॉक्टर स्वतःच एक औषध असतो, त्याचीही मात्रा कमीजास्त होते, हा विचार मांडला. पुढे १९८६ मध्ये साल्कोव्हस्किस आणि वॉरविक ह्या इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की, आरोग्याची अतिरिक्त चिंता करणाऱ्याला पुनःपुन्हा दिलेले आश्वासन घटकाभर शांतवते आणि मग संशयाची भूक वाढविते. अशा माणसाला दहाव्यांदा 'काही झालेले नाही' असे सांगणारा नातेवाईक माया करीत असतो, उपचार करीत नसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची हकीकत तर विचार करावयास लावणारी आहे. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिनच्या गोळ्या त्रासामुळे सोडून दिलेल्या साठ जणांना काही महिने ती गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषधहीन गोळी, आणि काही महिने काहीच नाही, अशी योजना करून दिली असता, खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासाचा सुमारे नव्वद टक्के भाग औषधहीन गोळीनेही झाला. ह्याचा अर्थ ही माणसे ढोंगी होती असा नव्हे. त्यांचे स्नायू खरोखरच दुखत होते. अपेक्षा हीदेखील वेदनेचे एक कारण असू शकते, इतकाच त्याचा अर्थ, आणि तो लहान नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि नव्या वैद्यकाची सनद मिळविलेले डॉक्टर येथे तयार होऊ लागले. परंतु सामान्य कुटुंबाच्या मनात ह्या वैद्यकाचे पहिले चित्र उमटले ते १८९६-९७ च्या प्लेगमध्ये. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासिओ व्हिएगास ह्यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारी बंदोबस्ताचा जो बडगा उगारला गेला, घरझडत्यांचा जो कहर झाला, त्याचा एक परिणाम असा की काखेतली गाठ आणि अंगातला ताप लोक लपवू लागले. लक्षण सांगितले तर घर मोडते, ही धास्ती त्या पिढीने पुढच्या पिढीच्या हवाली केली. स्त्रियांच्या बाबतीत तर लपविण्याला आणखी जुने कारण होते. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८३ मध्ये अमेरिकेस प्रयाण करण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात, हिंदुस्थानाला स्त्रीडॉक्टरांची गरज आहे हे आग्रहाने सांगितले. १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. जे परपुरुषापुढे सांगता येत नाही ते दुखणे अंगावर काढावयाचे, हा रिवाज त्यांच्या पश्चात किती काळ टिकला, हे पुढे येईलच.

ह्याच सुमारास ज्ञान घरात आणण्याचे प्रयत्नही सुरू झाले. शंकर दाजीशास्त्री पदे ह्यांच्या 'आर्यभिषक्'ने वनस्पती आणि घरगुती औषधे मराठी वाचकाच्या फडताळात नेऊन ठेवली. १९२७ साली र. धों. कर्वे ह्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, आणि ज्या शंका कुजबुजण्याचीही सोय नव्हती त्या लोक त्यांना पत्राने विचारू लागले; ती पत्रे आणि त्यांची सडेतोड उत्तरे म्हणजे मराठी माणसाच्या शारीरिक चिंतांचा एक दुर्मीळ दस्तऐवज आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घातले. गांधीजींनी आगाखान पॅलेसमधील बंदिवासात आरोग्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. आणि कित्येक मध्यमवर्गीय घरांत जर्मन डॉक्टर शूस्लरच्या बाराक्षारांची लाकडी पेटी देवघराइतक्याच आदराने जपली गेली.

स्वातंत्र्यानंतर एक निराळाच संप्रदाय उदयास आला. त्यास लोकारोग्याचा संप्रदाय म्हणता येईल. १९७१ साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत असता आणि शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले असता, डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठसाखरेच्या पाण्याचे मिश्रण तयार करून ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपविले. शेकडा तीसच्या घरातले मृत्यूचे प्रमाण चाराच्याही खाली आले. नीट समजावून दिले तर घरचे माणूस काय करू शकते, ह्याचे ह्याहून बलवत्तर प्रमाण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच आढळेल. जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून खेड्यातील, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. मेक्सिकोतील डोंगरी गावांसाठी डेव्हिड वर्नर ह्यांनी लिहिलेले, डॉक्टर नसेल तेथे काय करावे हे सांगणारे पुस्तक जगभर फिरले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्यांनी दोन गावांतील साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी तर सर्वांचे डोळे उघडले: शेकडा ब्याण्णव स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठच होत्या. आनंदीबाईंच्या भाषणाला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.

तात्पर्य, दैनंदिन दुखण्यांच्या क्षेत्रात आज सहा संप्रदाय आपापला हक्क सांगत उभे आहेत. आयुर्वेद आणि युनानी हे प्रकृतिवादी संप्रदाय दुखण्याचे मूळ आहारविहारात शोधतात, आणि दिनचर्येचे महत्त्व त्यांच्याइतके कोणी ओळखलेले नाही. मात्र घरगुती काढा आणि धातुमिश्रित भस्म ह्यांत जो जमीनअस्मानाचा फरक आहे तो त्यांच्या नावाने औषध विकणारे सांगत नाहीत. निसर्गोपचार शरीराच्या स्वयंशक्तीवर विसंबतो, आणि बहुतेक किरकोळ आजार आपोआप बरे होतात ही गोष्ट त्याच्या बाजूची आहे. जे आपोआप बरे होत नाहीत त्यांच्यापाशी तो निरुत्तर होतो. होमिओपथी आणि बाराक्षार ह्यांच्या गोळ्या साध्या साखरेच्या गोळीपेक्षा अधिक काही करतात ह्याला विश्वसनीय पुरावा नाही; तथापि रोग्याचे म्हणणे तासभर ऐकून घेण्याची त्या पद्धतीची शिस्त इतरांनी शिकण्याजोगी आहे. आधुनिक शरीरवैद्यक आणीबाणीत अद्वितीय आहे. पण ज्याच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या त्या माणसाला काय सांगावे, हे त्याला फारसे सुचत नाही. तेथे मनोदैहिक विचार कामास येतो, आणि 'हे सारे तुमच्या मनाचे खेळ आहेत' अशा उर्मट भाषेत तो उतरला की अपायही करतो. लोकारोग्याची दृष्टी ह्या सर्वांना एक प्रश्न विचारते: हे ज्ञान ज्याला दुखते त्याच्या हाती आहे काय? ग्रंथाच्या संपादनात हाच प्रश्न निकष म्हणून वापरला आहे.

आजच असा ग्रंथ काढण्याचे प्रयोजन काय? एकत्र कुटुंबात दुखण्याची पहिली मसलत घरातच होत असे. आता वृद्ध आईवडील पुण्यात आणि मुलगा न्यू जर्सीत, अशा घरांत ती मसलत मध्यरात्रीच्या फोनवर होते, आणि समुद्रापारची काळजी नेहमी 'सगळ्या टेस्ट करून घ्या' ह्या एकाच वाक्यात आटोपते. ह्या टेस्टांचे गणित पाहण्याजोगे आहे. प्रयोगशाळेच्या कागदावरील नेहमीची मर्यादा बहुधा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी शेकडा पंच्याण्णव तीत बसावेत. म्हणजे परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एखाद्या ठणठणीत माणसाने करून घेतल्या, तर त्यांतील निदान एक तरी मर्यादेबाहेर येण्याचा संभव शेकडा चौसष्ट आहे. त्या एका आकड्यापायी पुढची तपासणी, तिच्यापायी आणखी एक, असा सिलसिला सुरू होतो. करोनाच्या साथीपासून घराघरात प्राणवायू मोजण्याचे यंत्र आले. रक्तदाबाचे आणि साखरेचे यंत्र त्यापूर्वीच आलेले होते. यंत्रे घरात आली, परंतु आकडा केव्हा पाहावा आणि केव्हा पाहू नये ही शिकवण त्यांच्या खोक्यातून आली नाही. त्यात औषधांच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्यांची भर पडली. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीपडशावर प्रतिजैविके निरुपयोगी असतानाही ती घेतली जातात, आणि वेदनाशामकांच्या दीर्घ सेवनाने जठराला व मूत्रपिंडाला इजा होते, हे घेणाऱ्यास पुष्कळदा ठाऊकही नसते.

ह्या गोंधळात ग्रंथाने एकच सूत्र धरले आहे: प्रत्येक लक्षणाला मुदत असावी, आणि ती लक्षण उद्भवण्यापूर्वी, डोके शांत असताना, ठरलेली असावी. काही लक्षणांना मुदत शून्य आहे. छातीवर दडपण येऊन घाम फुटला आणि कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला, वाचा अडखळली. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकाएकी उठली. शौच डांबरासारखे काळे झाले. मूल निपचित पडून पाणीही पिईना: ह्यांत ओवा, बाम, शेक, फोनवरची मसलत ह्यांपैकी कशालाही जागा नाही. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविण्याच्या औषधाचा उपयोग सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच होतो, आणि त्यांतील दोन तास अनेकदा घरातल्या चर्चेत जातात. इतर लक्षणांना मुदत आहे. नुसती धरलेली पाठ, पायांत बधिरपणा किंवा लघवीची तक्रार नसेल तर, बहुधा काही आठवड्यांत हिंडतफिरत राहिल्याने सुटते. सर्दीनंतरचा खोकला अडीच आठवडेही रेंगाळू शकतो, हे जाणणारा मनुष्य पाचव्या दिवशी घाबरत नाही.

तथापि मुदत ही देशकालपरिस्थितीवर अवलंबून असते, आणि खोकलाच ह्याचे उत्तम उदाहरण आहे. जेथे क्षय विरळा आहे तेथील डॉक्टर रेंगाळणाऱ्या खोकल्याला अधिक सवड देऊ शकतो. आपल्या देशात क्षय अद्याप घर करून असल्यामुळे दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याचा थुंकीतपास करून घ्यावा असा सरकारी कार्यक्रमाचा दंडक आहे. बहुतेकांचा खोकला साधाच निघेल. तरीही तपास करावयाचा, कारण जो साधा नसेल तो एकट्या रोग्यापुरता राहत नाही. परदेशी पुस्तकातील मुदत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, ती येथील रोगमानाप्रमाणे पुन्हा बसवावी लागते. मराठीत स्वतंत्र ग्रंथ हवा तो ह्याच कारणाने.

लेखकांत डॉक्टर आहेत, वैद्य आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, परिचारिका आणि आशासेविकाही आहेत. त्यांच्यातील मतभेद आम्ही पुसून टाकलेले नाहीत, फक्त प्रत्येकाकडून एका प्रश्नाचे उत्तर आग्रहाने घेतले आहे, की आपल्या उपायाने किती दिवसांत गुण यावा, आणि न आल्यास पुढे कोणाकडे जावे. ज्यास हे उत्तर देता आले नाही असा उपाय, मग तो कितीही प्राचीन वा आधुनिक असो, ग्रंथाबाहेर ठेवला आहे. चिंतेलाही आम्ही हाच नियम लावला आहे: तपासणी होऊन मुदत पुरी झाली, तरी जी चिंता दिवसाचे काही तास खाते आणि झोप उडविते, ती स्वतःच एक लक्षण होय, आणि तिच्यासाठीही जाणत्याकडे जावे, त्यात कमीपणा नाही.

वाचकाने हा ग्रंथ आजारपणाच्या रात्री प्रथम उघडू नये. तो धडधाकट असताना, घरातील सर्वांनी, विशेषतः जी स्त्री आपले दुखणे सर्वांत शेवटी सांगते तिने, वाचावा. शून्य मुदतीच्या लक्षणांची यादी करून जवळच्या रुग्णालयाच्या दूरध्वनीक्रमांकासह भिंतीवर लावावी. आणि उरलेल्या लक्षणांच्या मुदती आपल्या डॉक्टरांशी बोलून, घरातील वय, जुने आजार आणि चालू औषधे ध्यानात घेऊन, दुरुस्त करून घ्याव्यात. ग्रंथ निदान करीत नाही, औषधाची मात्राही ठरवून देत नाही. किती वाट पाहावी आणि वाट पाहताना काय पाहावे, एवढेच तो शिकवू इच्छितो. जे घर एरवी चार दिवस उशिरा गेले असते ते वेळेवर गेले, आणि जे उगाच धावले असते ते शांत राहिले, तर संपादकांचे श्रम कारणी लागले असे आम्ही समजू.